बागेचा खरा खर्च उद्घाटनानंतर सुरू होतो

बाग सुधारायची ठरली की पहिल्या बैठकीत नकाशा येतो आणि दुसऱ्या बैठकीत कारंजं. तिसऱ्या बैठकीत कारंज्याला रंगीत दिवे लागतात. त्याचा पंप कोण बघणार, हौद किती दिवसांनी उपसायचा, वीजबिल कुठल्या खात्यातून भरायचं, हे तोवर कुणी विचारलेलं नसतं. बहुतेक बंद कारंजी अशीच कागदावर असतानाच बंद पडलेली असतात. बांधायला पैसा मिळतो, सांभाळायला मिळत नाही. त्यामुळे नियोजन उलट्या टोकाकडून करावं. देखभालीला दरवर्षी खात्रीने किती रक्कम आणि किती माणसं मिळणार ते आधी मांडायचं, आणि तेवढ्यात जे निभेल तेवढंच बांधायचं. ऐकायला हे रुक्ष वाटतं, पण बागा टिकतात त्या याच हिशेबावर.

सुरुवात नोंदवहीपासून. बाक, दिव्याचा खांब, झोपाळा, नळ, पायवाटेचा तुकडा, झाड, प्रत्येकाला एक ओळ. रकाने पाच पुरतात: जागा, बसवल्याचं वर्ष, आजची स्थिती १ ते ५ पैकी किती, उरलेलं आयुष्य आणि बदलण्याचा खर्च. पहिल्या दोन बागा दोघांनी वेगवेगळ्या तपासाव्यात आणि मग आकडे ताडून बघावेत, कारण एकाचा ३ म्हणजे दुसऱ्याचा ४ असतो आणि त्या एका गुणावर पुढे निधी हलतो. आयुष्याचे ढोबळ आकडे असे धरता येतात: खेळणी १५ वर्षं, डांबरी पायवाट १५ ते २०, जागेवर ओतलेला रबरी पृष्ठभाग ८ ते १०. पंधरा वर्षं टिकणाऱ्या वस्तूच्या किमतीचा पंधरावा हिस्सा दरवर्षी बाजूला पडायला हवा. सगळ्या ओळींची अशी बेरीज केली की जो आकडा येतो तो बहुतेक कार्यालयांत पहिल्यांदाच दिसतो, आणि तो बघून नवीन कामांचा उत्साह जरा ओसरतो. ओसरू द्यावा.

मग माणसं मोजायची. कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि दिवेलागणीनंतर. बागेचे भाग पाडून प्रत्येक भागावर डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि किती जण, अंदाजे वय, स्त्री की पुरुष, बसलेले, चालणारे की खेळणारे, एवढंच टिपायचं. बायका आणि मुली सात वाजल्यानंतर एकदम गायब होत असतील, तर प्रश्न बाकांचा नाही, उजेडाचा, झुडपांच्या उंचीचा किंवा फाटकांच्या संख्येचा आहे. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचं उदाहरण यासाठीच पुन्हा पुन्हा दिलं जातं. उंच कुंपणं आणि दाट झुडपांमुळे रस्त्यावरून आतलं काही दिसत नसे, आणि बाग अमली पदार्थांच्या धंद्यासाठी कुप्रसिद्ध झाली होती. दुरुस्तीनंतर १९९२ मध्ये ती पुन्हा उघडली तेव्हा नजर आरपार जाईल अशी वाट मोकळी केलेली होती आणि हिरवळीभोवती कुठेही उचलून नेता येतील अशा सुट्या खुर्च्या होत्या. फांद्या छाटणं आणि खुर्च्या ठेवणं हे कुठल्याही अंदाजपत्रकातलं सगळ्यात स्वस्त कलम, तरी यादीत ते शेवटी येतं.

लोकांना ‘तुम्हाला काय हवं’ असं विचारू नये. उत्तर म्हणून दुसऱ्या बागेत पाहिलेल्या वस्तूंची यादी मिळते. त्याऐवजी कधी येता, किती वेळ थांबता, घरातलं कोण येत नाही आणि का, हे विचारावं. बैठक सभागृहात न घेता बागेतच, संध्याकाळच्या गर्दीत घ्यावी. पर्याय दाखवताना प्रत्येकाला समजा दहा चकत्या द्याव्यात आणि प्रत्येक पर्यायापुढे त्याची किंमत चकत्यांत लिहावी, बांधणीची वेगळी आणि दहा वर्षांच्या देखभालीची वेगळी. स्वच्छतागृह बांधायला तीन आणि चालवायला पाच असं दिसलं की चर्चा गंभीर होते. तरीही लोक स्वच्छतागृहच मागतात, आणि बरोबरच मागतात, कारण ते नसलं तर लहान मुलं, म्हातारी माणसं आणि बायका अर्ध्या तासात परत फिरतात.

पायवाटांबद्दल थोडक्यात. गवतात पायांनी पडलेल्या वाटा आधी बघाव्यात, त्या मिटवण्यापेक्षा पक्क्या करणं शहाणपणाचं. चाकाच्या दोन खुर्च्या (व्हीलचेअर) समोरासमोरून जायला १.८ मीटर रुंदी लागते. चढ २० ला १ पेक्षा तीव्र झाला की त्याला रॅम्प धरून कठडे लावायचे, आणि १२ ला १ च्या पलीकडे जायचंच नाही. आडवा उतार ५० ला १. यापेक्षा जास्त असला तर खुर्ची सारखी एका बाजूला ओढली जाते, कमी असला तर पाणी साचतं.

खरी गोम जमिनीखाली असते. पावसाचं पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून बाहेर पडतं हे कळल्याशिवाय एकही फरशी टाकू नये. साधी चाचणी आहे: ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. अडीच सेंटीमीटरही उतरत नसेल तर तिथे निचऱ्याची सोय केल्याशिवाय हिरवळ लावणं व्यर्थ. कामांचा क्रमही जमिनीखालूनच ठरतो. आधी निचऱ्याचे चर, मग पाण्याचे नळ आणि विजेच्या तारांच्या नळ्या, मग पायवाटांचा पाया, मग खेळणी आणि बाक, सगळ्यात शेवटी माती आणि लागवड. नव्या पायवाटेखालून दर ठरावीक अंतरावर १०० मिलिमीटरचा रिकामा पाइप आडवा टाकून ठेवावा, दोन्ही तोंडं बंद करून आणि जागा नकाशावर मांडून. त्याचा खर्च नगण्य असतो. तो नसला की दोन वर्षांनी एका दिव्यासाठी नवी कोरी वाट फोडावी लागते.

पाण्याचा हिशेब बोटांवर होतो. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. कडक उन्हात हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर लागलं तर एका हेक्टरला रोज ५० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे पाच टँकर. नकाशावर हिरवा रंग भरणाऱ्याला हा आकडा शेजारी लिहायला लावावा. झाडं आणि झुडपं मुळं धरेपर्यंत दोन-तीन वर्षं पाणी मागतात, नंतर बरीच स्वावलंबी होतात. हिरवळ कायम मागत राहते, वर कापणी वेगळी. जिथे मुलं लोळणार, खेळणार, तिथेच ती असावी. सावलीत तर नकोच, टक्कल पडतं.

जुन्या झाडांचं नुकसान सुधारणेच्या कामातच सगळ्यात जास्त होतं, आणि ते लगेच दिसत नाही, म्हणून कुणाच्या नावावरही लागत नाही. अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या ३० ते ६० सेंटीमीटरमध्येच पसरलेली असतात. त्यावरून यंत्र फिरलं, सिमेंटच्या गोण्यांची थप्पी लागली किंवा ‘जमीन सपाट करू’ म्हणून वीतभर माती चढली, की मुळांना हवा मिळत नाही. झाड तीन ते पाच वर्षांनी शेंड्याकडून वाळत येतं आणि तोवर ठेकेदार दुसऱ्या गावी पोचलेला असतो. ब्रिटिश मानकातला नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा, त्याला १२ ने गुणा, तेवढ्या त्रिज्येत काहीही करू नका. ५० सेंटीमीटरच्या खोडाभोवती ६ मीटर. तिथे काम सुरू होण्याआधी घट्ट कुंपण घालायचं, फिती बांधून भागत नाही. कुंपण मोडल्यास दंड किती, हे निविदेतच आकड्यात लिहायचं.

खेळाच्या जागेत पैसा खेळण्यावर जातो आणि इजा होते ती खालच्या पृष्ठभागावर. युरोपीय मानक ईएन ११७६ पडण्याची उंची ३ मीटरपर्यंतच मान्य करतं. जितकी उंची जास्त, तितका खालचा थर मऊ आणि जाड हवा. वाळू किंवा लाकडाचे तुकडे असतील तर २ मीटरपर्यंतच्या उंचीला ३० सेंटीमीटर थर धरतात, त्यातले १० सेंटीमीटर फक्त पायांनी उधळलं जाईल म्हणून. झोपाळ्याखाली बरोबर पाय घासतात तिथेच खळगा पडतो, म्हणजे थर नेमका हवा तिथेच नसतो. यावर उपाय रंगाच्या डब्याचा आहे: खांबावर थराच्या पातळीला एक रेघ मारून ठेवा. रेघेखालचा खांब उघडा दिसला की माळ्याला पट्टी न लावताही कळतं. कठड्यांमधल्या फटी ८९ ते २३० मिलिमीटरच्या दरम्यान असू नयेत, कारण त्यात मुलाचं अंग आत जातं आणि डोकं अडकतं. आणि झोपाळ्याची साखळी वरच्या कडीला जिथे टेकते, तिथली झीज खालून उभं राहून दिसत नाही. शिडी लावून साखळी हाताने उचलावी लागते, तेव्हा कडीच्या आतल्या बाजूला घासून पडलेली चकचकीत खाच दिसते. तपासणीच्या अर्जावर ‘झोपाळा: ठीक’ असा रकाना असेल तर ती कडी कधीच तपासली जाणार नाही. ‘साखळी उचलून पाहिली’ असा रकाना ठेवा.

अंदाजपत्रकात बांधकामाची रक्कम हा एक भाग. मोजणी, आराखडा, परवानग्या, देखरेख यांना आणखी १५ ते २० टक्के धरावेत. अनपेक्षित खर्चासाठी कच्च्या आराखड्याच्या वेळी २० ते २५ टक्के आणि पक्का आराखडा झाल्यावर १० टक्के. भाववाढ आजपासून नव्हे, तर काम जेव्हा निम्म्यावर असेल त्या तारखेपर्यंत मोजावी. जुन्या बागेत खणलं की विसरलेला नळ, बुजवलेली विहीर, राडारोडा असं काहीतरी निघतंच. ‘आमच्याकडे निघणार नाही’ म्हणणाऱ्या अंदाजपत्रकाची अर्धवट पायवाट पुढे बरीच वर्षं बघायला मिळते.

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न बागांइतकाच जुना आहे. इंग्लंडमधल्या बर्कनहेडने सुमारे २२६ एकर जमीन घेतली, १२५ एकरांवर सार्वजनिक बाग केली आणि कडेचे भूखंड घरांसाठी विकून खर्च भरून काढायचं ठरवलं. बाग १८४७ मध्ये उघडली. बागेमुळे शेजारच्या जमिनीचा भाव चढतो, त्यातला वाटा बागेला मिळावा, हा विचार आजच्या विकास शुल्कातही आहे. फक्त या शुल्काला बहुधा अटी असतात. ते नवीन सोयींवरच आणि नवं बांधकाम झालेल्या भागातच खर्चता येतं, म्हणून नव्या वस्तीत चकाचक बाग आणि जुन्या वस्तीत गंजलेली घसरगुंडी असं चित्र तयार होतं. कर्जरोखे मोठ्या कामाला बरे, पण फेडीची मुदत वस्तूच्या आयुष्याहून लांब नको. १० वर्षांच्या रबरासाठी २० वर्षांचं कर्ज काढलं तर शेवटची दहा वर्षं नसलेल्या वस्तूचे हप्ते भरावे लागतात.

देणग्यांचा मार्ग न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कने रूढ केला. १९८० मध्ये स्थापन झालेली तिथली संस्था शहराशी करार करून बाग चालवते आणि बहुतेक खर्च स्वतः उभा करते. पण देणग्या श्रीमंत शेजारालाच येतात. त्यामुळे शहराने आपला वाटा कुठे द्यायचा हे गुणांनी ठरवावं. अमेरिकेतल्या मिनीॲपोलिस शहराने २०१६ मध्ये २० वर्षांसाठी असा ठराव केला. वस्तीच्या बागांना दरवर्षी किमान १.१ कोटी डॉलर, आणि आधी कुणाला ते ठरवताना गरिबी, लोकसंख्येची दाटी, मुलांचं प्रमाण आणि सोयींची अवस्था बघायची. नोंदवहीतला तो १ ते ५ चा रकाना इथे कामी येतो.

देखभालीसाठी मात्र कायमस्वरूपी ठेवीसारखं दुसरं काही नाही. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहराच्या पार्क्स ट्रस्टला १९९२ मध्ये बागांबरोबर उत्पन्न देणारी मालमत्ताही मिळाली, तिच्या भाड्यातून बागा चालतात. नुसत्या रकमेची ठेव असेल तर वर्षाला ४ टक्केच काढायचे, म्हणजे महागाईत मूळ रक्कम सहसा झिजत नाही. याचा अर्थ वर्षाच्या गरजेच्या २५ पट ठेव. आकडा मोठा आहे खरा, पण दात्याला एखाद्या बाकावर नाव देताना बाकाच्या किमतीवर त्याच्या १५ वर्षांच्या देखभालीची रक्कमही मागितली, तर छोट्या प्रमाणात तेच साधतं. नाव १५ वर्षांसाठी, हेही लेखी हवं. कायमचं नाव दिलं की मोडका बाक काढतानाही परवानगी मागावी लागते.

निविदेत लागवडीचा ठेका वेगळा काढावा, निदान त्याची मुदत वेगळी ठेवावी. झाडं जगवण्याची जबाबदारी दोन पूर्ण उन्हाळे ठेकेदाराची, आणि रकमेतला काही भाग तोवर राखून ठेवलेला. मोजणी लावलेल्या झाडांची नाही, जगलेल्या झाडांची. शेवटचा हप्ता देण्याआधी तीन गोष्टी हातात घ्याव्यात: जमिनीखाली प्रत्यक्षात काय कुठे टाकलं त्याचा नकाशा, प्रत्येक खेळण्याची देखभाल पुस्तिका, आणि पाण्याच्या सगळ्या व्हॉल्व्हच्या चाव्या. चाव्या घेताना माळ्याला बरोबर न्यावं आणि प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्याच हाताने उघडून बंद करून घ्यावा. त्यातला एखादा तरी फिरत नाही, आणि तो त्याच दिवशी कळलेला बरा.