गुलछडी, तार आणि चहाच्या रंगाचं पाणी

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येणार म्हणून आदल्या दिवशी सकाळीच मार्केट यार्डातून गुलछडीच्या दहा काड्या आणि जर्बेराची एक गड्डी आणली, हौस दांडगी! पण आमचा काचेचा बाऊल इतका पसरट की काडी ठेवली रे ठेवली की ती काठावर रेलते, सगळी फुलं कडेला आणि मध्ये टक्कल. फुलं खोचायला तो हिरवा स्पंज मिळतो तो मला नकोच असतो, त्याचा चुरा पाण्यात सुटतो आणि शेवटी तेही प्लास्टिकच.

मग काय, वेल बांधायला आणलेली बाइंडिंग वायर घरात पडली होती, तीच चुरगाळून पाण्यात टाकली आणि तिच्यात काड्या खोचल्या. रात्री मस्त दिसत होतं. सकाळी बघते तर पाणी पार तांबूस! सासूबाई म्हणाल्या, "अगं, फुलांना चहा पाजलास की काय?" लोखंडच ते, गंजणारच, पण हे आधी सुचेल तर ना.

दुपारी बोहरी आळीत जाऊन सोनेरी ॲल्युमिनियमची तार आणली, दोन मिलिमीटरची, हाताने सहज वाकते आणि अशी गंजत नाही. दीडेक मीटर तार लाटण्याला गुंडाळली (हो, पोळ्यांच्याच), लाटणं काढून घेतलं की स्प्रिंग तयार, ती थोडी ओढून सैल केली आणि बाऊलमध्ये दाबून बसवली. दोन वेढे मुद्दाम पाण्याच्या वर ठेवले, काचेतून ते इतके छान चमकतात की फुलं कमी असली तरी चालतं.

एक चूक मात्र केलीच. एक जर्बेरा मान टाकत होता म्हणून त्याच्या देठाला तार आवळून गुंडाळली, तर तासाभरात बिचारा पुरता लोंबला. देठ चेपला की पाणी वर जाणार कसं! वेढ्यातून देठ नुसता सैल टेकू द्यायचा. आणि जर्बेराचा देठ लवदार असतो, खोल पाण्यात लवकर कुजतो, म्हणून पाणी दोन-तीन इंचच ठेवलं, पण गुलछडी भारी पिते त्यामुळे सकाळ-संध्याकाळ बघावं लागतं. रोज पाणी बदलताना देठ खालून अर्धा इंच तिरके कापायचे. गुलछडी खालून वर उमलत जाते, खालची सुकलेली फुलं खुडत राहिलं की वरच्या कळ्या उमलत राहतात. आमची पाच दिवस टिकली, आणि वास तर जिन्यापर्यंत.

बायकांनी तिळगुळापेक्षा तारेचीच जास्त चौकशी केली. फुलं गेली कुंडीत, तार धुऊन पुसून ठेवली होती, तर काल बघते तर देवघरात सासूबाईंनी तिच्या वेढ्यांत उदबत्त्या खोचल्यात.