आफ्रिकेतलं काय वाचू, असं विचारणाऱ्यांसाठी

"आफ्रिकेतलं एखादं चांगलं पुस्तक सुचव ना," असा मेसेज नाशिकहून अधूनमधून येतोच. विचारणाऱ्याने कॉलेजात नायजेरियाचा कादंबरीकार अचेबे वाचलेला असतो, नाहीतर डोक्यात सिंह, मसाई आणि दुष्काळ असतो. माझं उत्तर आता ठरून गेलंय. 54 देश एका पुस्तकात कोंबायला जाऊ नका. आधी अरबी समुद्रापलीकडचा, आपल्या समोरचा किनारा वाचा, केनियातलं मोम्बासा ते टांझानियातलं झांझिबार. मोसमी वाऱ्यांवर गलबतं हाकत इथली आणि आपल्याकडची माणसं शेकडो वर्षं येत-जात होती. त्यामुळे पहिली पन्नास पानं तरी ओळखीची वाटतात. परकेपणा त्यानंतर लागतो, आणि तो लागावाच.

मी मोम्बासात राहते, म्हणून पहिलं नाव इथल्याच मुलीचं. खदीजा अब्दल्ला बजाबेरची 'द हाऊस ऑफ रस्ट' 2021 मध्ये आली. खदीजाचं घराणं मूळचं येमेनच्या हद्रमौतकडचं, आणि तिच्या कादंबरीतली आयशाही तशाच घरातली. आयशाचा कोळी बाप समुद्रावरून परत येत नाही. मग ही पोर एका बोलक्या मांजराला घेऊन हाडांच्या होडीतून त्याला शोधायला निघते. ऐकायला बालकथा वाटते, पण तशी ती मुळीच नाही. ओल्ड टाऊनच्या गल्ल्या, नातीच्या लग्नाचा घोर लागलेली आजी, मुलीच्या जातीने किती धाडस करावं याचे घरातले हिशेब, हे सगळं इतकं नेमकं आलंय की समुद्रातले राक्षस त्यापुढे सोपे वाटतात. एक सांगून ठेवते, सफर मध्यावरच संपते आणि पुढे कथा संथ होते. माझ्या नवऱ्याने तिथेच पुस्तक मिटलं. मला तोच भाग जास्त आवडला, कारण घरी परतल्यावर काय, हा प्रश्न कोणी सहसा लिहीत नाही.

यात कावळेही बोलतात. इथले कावळे आपल्याकडचेच बरं का! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कचरा साफ करायला म्हणून ते झांझिबारला आणले आणि मग सगळ्या किनाऱ्यावर माजले. 2024 मध्ये केनियाच्या वन्यजीव खात्याने दहा लाख कावळे मारायची मोहीम जाहीर केली होती. माझ्या गॅलरीतल्या मंडळींना अजून तरी कसलीच भीती वाटत नाही.

नाशिककरांनी मात्र हे दुसरं पुस्तक आधी घ्यावं. पेटिना गप्पा ही झिम्बाब्वेची लेखिका, पेशाने वकील. तिची 'आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट' ही 2019 ची कादंबरी डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-संशोधकाच्या शेवटच्या प्रवासावर आहे. 1 मे 1873 रोजी आजच्या झांबियात तो गेला. त्याच्याबरोबरच्या आफ्रिकी माणसांनी काळीज तिथेच पुरलं, देह वाळवून कापडात गुंडाळला आणि बागामोयोच्या किनाऱ्यापर्यंत महिनोन् महिने वाहून नेला. त्यातला जेकब वेनराइट शिकला होता कुठे, तर नाशिकला! गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या मुलांसाठी शरणपूरला मिशनची शाळा होती. मी रोज शरणपूर रोडवरून कॉलेजला जायचे आणि हे मला केनियात आल्यावर कळलं.

कादंबरी दोन आवाजांत आहे. पहिला भाग हलिमाचा. ही लिव्हिंगस्टनची स्वयंपाकीण, तोंडाची फटकळ, सगळ्यांची उणीदुणी काढणारी. एवढा मोठा माणूस नाईल नदीचा उगम शोधत बायकापोरं सोडून वणवण का फिरतो, हे तिला काही केल्या पटत नाही. दुसरा भाग जेकबच्या रोजनिशीचा. हा बायबल पाठ असलेला, स्वतःला इतरांपेक्षा दोन बोटं वर समजणारा. आपल्या गावचा असूनही सांगते, पुस्तक हलिमाच खाऊन टाकते. जेकबचं प्रवचन लेखिकेने मुद्दाम लांबवलंय, तिथे थोडा धीर धरा. पुढे नाशिकहून आलेल्या अशा बऱ्याच जणांना इथे फ्रेअर टाऊनमध्ये वसवलं गेलं. हे फ्रेअर म्हणजे मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर. न्यालीकडे जाताना केंगेलेनीच्या चौकात त्या वस्तीची घंटा अजून उभी आहे आणि तिच्या आसपास टुकटुकवाले गिऱ्हाइकासाठी ओरडत असतात.

झांझिबारला जन्मलेल्या अब्दुलरझाक गुर्नाचं नाव 2021 च्या साहित्याच्या नोबेलमुळे सगळ्यांना माहीत झालं, पण वाचणारे कमीच भेटतात. 'आफ्टरलाइव्ह्ज' घ्या. जर्मनांच्या ताब्यातला पूर्व आफ्रिकेचा किनारा, तिथली खलिफा, हमझा, अफिया ही साधी माणसं. खलिफाचा बाप गुजरातचा हिशेबनीस, आई आफ्रिकी. लिहायला-वाचायला शिकली म्हणून अफियाला मार बसतो, हात मोडतो, आणि त्यातून तिची सुटका होते ती तिने खलिफाला धाडलेल्या चिठ्ठीमुळेच. गुर्ना हे आवाज न चढवता सांगतो. त्याची 2025 ची 'थेफ्ट' मला त्या मानाने फिकी वाटली.

कवितेसाठी किनारा सोडावा लागेल. साफिया एल्हिलो ही सुदानी-अमेरिकी कवयित्री आहे आणि तिचा 'द जॅन्युअरी चिल्ड्रन' हा संग्रह 2017 चा. ब्रिटिशांच्या काळात सुदानमध्ये मुलांच्या उंचीवरून त्यांचं जन्मसाल ठरवत आणि जन्मतारीख सरसकट 1 जानेवारी लावत. संग्रहाचं नाव त्यावरून आलंय. ज्यांच्या घरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस हेडमास्तरांच्या कृपेने 1 जूनला येतो, त्यांना मी आणखी काय समजावणार? इजिप्तचा गायक अब्देल हलीम हाफेझ या कवितांमध्ये सारखा डोकावतो. आधी त्याची दोन गाणी ऐका, मग वाचा.

वर्सान शायरचा जन्म नैरोबीतला, आईवडील सोमाली, वाढली लंडनमध्ये. निर्वासितांवरची तिची 'होम' ही कविता फॉरवर्ड होऊन होऊन झिजलीय, तरी 2022 चा 'ब्लेस द डॉटर रेझ्ड बाय अ व्हॉइस इन हर हेड' हा संग्रह जरूर वाचा. मात्र एका बैठकीत नको, फार जड जातो.

गुर्ना भारतात सहज मिळतो. बाकीची पुस्तकं दुकानात मिळाली नाहीत तर ई-बुक बघा. मला इथून पाठवायला सांगू नका, टपालाचा खर्च पुस्तकाच्या वर जातो. सध्या माझ्या उशाशी युगांडाच्या जेनिफर माकुंबीची 'द फर्स्ट वुमन' आहे. इदी अमीनच्या काळातली किराबो नावाची एक आगाऊ मुलगी, आजी-आजोबांकडे वाढलेली, आपली आई कोण याचा माग काढतेय. अर्धी झालीय, आणि तिच्या आजीचं शेजारच्या बाईशी नेमकं काय बिनसलं होतं ते कळल्याशिवाय मी दुसरं काही हातात घेणार नाही.