१९६८ च्या मोसमाची कार्डे: पिचर पूर्ण, क्षेत्ररक्षण सुरू

फासे टाकून खेळायच्या बेसबॉलच्या खेळासाठी अमेरिकेतील मेजर लीगच्या १९६८ च्या मोसमातील खेळाडूंच्या कार्डांचा जो संच मी तयार करतो आहे, त्यातील दोन्ही लीगच्या (अमेरिकन आणि नॅशनल) पिचरांची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांची, कार्डे आता पूर्ण झाली आहेत. फलंदाजांपैकी अमेरिकन लीगचे काम हातावेगळे झाले असून नॅशनल लीगचे बरेचसे उरकले आहे. क्षेत्ररक्षणाची रेटिंग मात्र आत्ता कुठे सुरू झाली आहेत आणि सर्वांत जास्त विचार तिथेच करावा लागत आहे. आजवर घेतलेले निर्णय आणि त्यांमागची कारणे या नोंदीत मांडतो, म्हणजे ज्यांना स्वतःची कार्डे बनवायची आहेत त्यांना ती तपासून पाहता येतील.

हाच मोसम निवडण्याचे कारण असे की रेटिंगच्या पद्धतीची खरी परीक्षा अशाच टोकाच्या वर्षी होते. त्या वर्षी एका संघाच्या एका सामन्यात सरासरी ३.४२ धावा झाल्या. फलंदाजीची सरासरी, म्हणजे हिटांना (फलंदाजाला बेसवर पोहोचवणाऱ्या फटक्यांना) अधिकृत पाळ्यांनी भागून येणारा आकडा, अमेरिकन लीगची ०.२३० होती आणि नॅशनल लीगची ०.२४३. सेंट लुईस कार्डिनल्सच्या बॉब गिब्सनने १.१२ च्या ईआरएने (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागणाऱ्या सरासरी धावा) मोसम संपवला, तर डेट्रॉइट टायगर्सच्या डेनी मॅक्लेनने ३१ सामने जिंकले. पिचरांचे हे वर्चस्व इतके एकतर्फी ठरले की १९६९ पासून पिचरच्या उंचवट्याची कमाल उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणण्यात आली आणि स्ट्राइक झोनही (चेंडू योग्य ठरण्याची हद्द) लहान करण्यात आला. क्रिकेटमध्ये आपण खेळपट्टी पाहून शतकाचे मोल ठरवतो, तसेच इथे लीगची सरासरी पाहिल्याशिवाय एकाही आकड्याचे मोल ठरवता येत नाही. माझ्या सगळ्या पद्धतीचा पाया हाच आहे.

खेळाचा सांगाडा मी स्ट्रॅट-ओ-मॅटिकच्या धर्तीवर ठेवला आहे. हॅल रिचमन यांनी १९६१ मध्ये बाजारात आणलेल्या या खेळात तीन फासे टाकले जातात. पहिल्या फाशावर १ ते ३ पडले तर निकाल फलंदाजाच्या कार्डावर पाहायचा आणि ४ ते ६ पडले तर पिचरच्या; तोच आकडा कार्डावरचा रकानाही ठरवतो. उरलेल्या दोन फाशांची बेरीज २ ते १२ यांपैकी कोणती आली, त्यावरून त्या रकान्यातला निकाल ठरतो. दोन फासे ३६ प्रकारे पडू शकतात, म्हणून प्रत्येक रकान्यात ३६ घरे (शक्यता) आणि प्रत्येक कार्डावर तीन रकाने, म्हणजे एका कार्डावर १०८ घरे होतात. डिक साइट्झ यांच्या १९५१ च्या एपीबीए या अशाच खेळात बहुतेक भार फलंदाजाच्या कार्डावर असतो आणि पिचरला अक्षरी श्रेणी दिलेली असते. तो खेळ झपाट्याने पुढे सरकतो हे खरे, पण ज्या वर्षाची ओळखच पिचरांमुळे आहे, त्या वर्षासाठी मला दोघांचा वाटा समसमान हवा होता.

वाटा समसमान ठेवला की गणित सोपे होते. फलंदाजाचे निम्मे निकाल त्याच्या स्वतःच्या कार्डावरून येतात आणि निम्मे समोरच्या पिचरांच्या कार्डांवरून. ते सर्व पिचर मिळून लीगच्या सरासरीइतके असतात असे धरले, तर फलंदाजाच्या कार्डावरची सरासरी ही त्याच्या प्रत्यक्ष सरासरीच्या दुपटीतून लीगची सरासरी वजा करून मिळते. काटेकोर हिशेब मी पाळीमागे (फलंदाजाच्या प्रत्येक खेपेमागे) करतो, म्हणजे त्यात वॉकही (चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळणारा पहिला बेस) येतात. पण समजून घेण्यासाठी नेहमीची फलंदाजीची सरासरी पुरेशी आहे. बोस्टनच्या कार्ल यास्त्रेम्स्कीने त्या वर्षी ०.३०१ च्या सरासरीने अमेरिकन लीगचे विजेतेपद मिळवले. त्याची दुप्पट ०.६०२, त्यातून ०.२३० वजा केले की कार्डाची सरासरी ०.३७२ येते. त्याच वर्षी कार्डिनल्सच्या कर्ट फ्लडची सरासरीही ०.३०१ च होती. परंतु तो नॅशनल लीगमध्ये खेळत असल्याने त्याच्या दुपटीतून ०.२४३ वजा होतात आणि कार्डावर ०.३५९ उरते. छापील तक्त्यात दोघे एकाच जागी दिसतात, पण कार्डावर त्यांच्यात एकदीड घराचा फरक पडतो आणि तो पडायलाच हवा.

फ्लडच्या बाबतीत आणखी एक दुरुस्ती लागते आणि ती बहुतेक घरगुती संचांत राहून जाते. कोणताही फलंदाज स्वतःच्या संघाच्या पिचरांविरुद्ध खेळत नाही. कार्डिनल्सच्या पिचरांचा ईआरए २.४९ होता आणि नॅशनल लीगचा २.९९. दहा संघांतून कार्डिनल्स वगळले तर उरलेल्या नऊ संघांचा ईआरए सुमारे ३.०५ होतो, म्हणजे फ्लड, लू ब्रॉक आणि त्यांच्या सोबत्यांना लीगच्या सरासरीपेक्षा थोडे सौम्य पिचर मिळाले. त्यामुळे त्यांच्या दुपटीतून वजा करण्याचा आकडा ०.२४३ पेक्षा किंचित मोठा घ्यावा लागतो. एका कार्डावर हा फरक नगण्य दिसतो, पण संपूर्ण संघाच्या १६२ सामन्यांवर तो पसरला की पाचदहा धावांचा प्रश्न होतो, आणि नेमक्या तेवढ्या धावांवर एखादी मालिका फिरते. याउलट पिचरांच्या फलंदाजीसाठी वेगळी दुरुस्ती मी केलेली नाही. पिचरऐवजी फलंदाजी करणाऱ्या नियुक्त फलंदाजाचा नियम अमेरिकन लीगमध्ये १९७३ मध्ये आला, १९६८ मध्ये पिचर स्वतःच फलंदाजी करत असत, आणि माझ्या खेळातही ते करतात; लीगच्या सरासरीत त्यांचा हिस्सा आधीच धरलेला आहे.

गिब्सनचे कार्ड थोडे सविस्तर सांगतो, कारण या संचातले ते सर्वांत आनंदाचे काम होते. त्याने ३०४ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग टाकल्या, १,१६१ फलंदाजांना सामोरा गेला आणि १९८ हिट, ११ होमरन व ६२ वॉक दिले. २६८ फलंदाजांना त्याने स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. त्याच लीगच्या सरासरी पिचरच्या कार्डावर १०८ पैकी सुमारे २४ घरे हिटची येतात. गिब्सनच्या कार्डावर सुमारे १३ येतात. स्ट्राइकआउटची घरे सरासरी पिचरला सुमारे १७ असताना गिब्सनला सुमारे ३३ मिळतात. आता या १३ हिटांमधूनही क्षेत्ररक्षकांचा वाटा बाजूला काढावा लागतो. स्ट्रॅट-ओ-मॅटिकप्रमाणे मीही पिचरच्या कार्डावरची ३० घरे क्षेत्ररक्षकांकडे वळवली आहेत, त्यांपैकी शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) सर्वाधिक म्हणजे ७ आणि सेकंड बेसमनकडे ६ जातात. साधारण दर्जाच्या क्षेत्ररक्षणात या ३० घरांतून पाचेक हिट निघतात असे मी धरले आहे. म्हणून गिब्सनच्या नावावर थेट लिहायला जेमतेम आठ घरे उरतात.

होमरनचे गणित करून पाहिले तर त्याच्या वाट्याला अर्ध्या घराहूनही थोडे कमी येते. फाशांची बेरीज २ येण्याचे घर ३६ मध्ये एकच असते. ते मी होमरनला दिले आणि त्यापुढे वीस बाजूंचा फासा जोडला: १ ते ९ पडले तर होमरन, १० ते २० पडले तर सेंटरफील्डकडे उंच झेल. उरलेल्या साडेसात घरांपैकी बेरीज ६ ची पाच घरे एकेरी हिटला दिली आणि ११ ची दोन घरे दुहेरीला. राहिलेले अर्धे घर दुसऱ्या रकान्यात १२ वर, पुन्हा वीस बाजूंच्या फाशाने, एकेरी म्हणून बसवले. ४ ते ६ पडल्यानंतर फलंदाज ज्या कार्डाकडे पाहतो, त्यावर एक अख्खा रकाना हिटविना गेलेला दिसतो. त्या उन्हाळ्यात गिब्सनसमोर उभे राहणे काय असेल, ते या कोऱ्या रकान्यातून थोडेफार कळते.

दमण्याची रेटिंग त्याला दिलीच नाही. ३४ सामन्यांची सुरुवात करून त्याने २८ पूर्ण केले आणि उरलेल्या सहांत त्याच्या जागी फलंदाजीला दुसरा पाठवला म्हणूनच तो बाहेर गेला. इनिंगच्या मध्ये त्याला कोणी उंचवट्यावरून उतरवले नाही. मात्र या कार्डातून १.१२ चा ईआरए दर वेळी निघेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन यांवरून काढलेला त्याचा एफआयपी (क्षेत्ररक्षणाचा भाग वगळून काढलेला ईआरएसारखा आकडा) १.७७ च्या आसपास आहे. बेसवर धावपटू असताना तो आणखी कठीण झाला आणि धावा त्यामुळे कमी झाल्या. काही जण अशा पिचरला अडचणीच्या वेळचे खास रेटिंग देतात. मला ते पटत नाही. एका मोसमातील तेवढ्या थोड्या पाळ्यांवरून स्वभाव ठरवणे धाडसाचे आहे आणि कार्डाने घटना मोजाव्यात, त्यांचा क्रम फाशांवर सोडावा, असे माझे मत आहे.

मॅक्लेनचे कार्ड याच्या अगदी उलट वळणाचे झाले. ३३६ इनिंग, १.९६ चा ईआरए, ३१ विजय, आणि त्याच वेळी ३१ होमरन! अमेरिकन लीगच्या सरासरीपेक्षा त्याचा होमरनचा दर चांगलाच जास्त आहे. वॉक आणि हिट इतके कमी दिल्यामुळे बहुतेक होमरनच्या वेळी बेस रिकामे असत. म्हणजे त्याच्या कार्डावर होमरनची भरघोस घरे ठेवून बाकी सर्व आवळून धरावे लागते. या ३१ मध्ये एक होमरन यांकीजच्या मिकी मँटलचा आहे. सप्टेंबरमध्ये, विजेतेपद निश्चित झाल्यानंतर, मॅक्लेनने त्याला मारता येईल असा चेंडू मुद्दाम टाकला आणि मँटलचा ५३५ वा होमरन झाला. तो वगळावा का, यावर मी पुष्कळ विचार केला आणि ठेवण्याचे ठरवले. मँटलच्या खात्यात तो धरायचा आणि मॅक्लेनच्या खात्यातून काढायचा, असे केले तर लीगची बेरीज जुळत नाही. शिवाय मनाजोगा चेंडू मिळाला तरी तो कुंपणापलीकडे मारावा लागतोच.

फलंदाजांच्या दुसऱ्या टोकाला टायगर्सचा शॉर्टस्टॉप रे ऑयलर आहे. त्याची सरासरी ०.१३५ होती. दुपटीतून ०.२३० वजा केले की ०.०४० उरतात, म्हणजे पाळीमागच्या काटेकोर हिशेबाने १०८ घरांपैकी हिटला जेमतेम तीन. याहून थोडी कमी सरासरी असती तर गणित शून्याखाली गेले असते, आणि पिचरांच्या फलंदाजीच्या कार्डांत ते खरोखरच जाते. तिथे मी शून्यावर थांबतो. पिचरांना फलंदाजीचे वेगवेगळे कार्ड न देता आठ ठरावीक दर्जांपैकी एक देणे हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग वाटला.

ऑयलर मैदानात टिकला तो हातमोज्याच्या जोरावर, आणि इथून क्षेत्ररक्षणाचा मुद्दा सुरू होतो. छापील नोंदींत पुटआउट (स्वतः बाद केलेले), असिस्ट (बाद करण्यात केलेली मदत) आणि चुका मिळतात, पण त्या जशाच्या तशा वापरता येत नाहीत. क्लीव्हलँडचे उदाहरण घ्या. सॅम मॅक्डॉवेलने २८३ आणि लुईस टियांटने २६४ फलंदाज स्ट्राइकआउट केले. ज्या संघाचे पिचर इतक्या फलंदाजांना परत पाठवतात, त्याच्या इनफिल्डकडे चेंडूच कमी येतात, आणि असिस्ट कमी दिसले म्हणून तो शॉर्टस्टॉप मंद ठरत नाही. त्याउलट मिकी लोलिचसारखा डावखुरा पिचर उभा असला की समोर उजव्या हाताचे फलंदाज जास्त येतात आणि थर्ड बेस व शॉर्टस्टॉपकडचे काम वाढते. म्हणून मी आधी संघाने मैदानात खेळवलेल्या चेंडूंची संख्या काढतो, त्यातून डाव्या-उजव्या पिचरांचे प्रमाण समायोजित करतो आणि मगच १ (सर्वोत्तम) ते ५ पैकी रेटिंग देतो. जुन्या सामन्यांच्या नोंदी जमवणाऱ्या रेट्रोशीट या संस्थेच्या स्वयंसेवकांनी जुन्या स्कोअरशीटवरून उतरवलेली पाळीगणिक माहिती १९६८ साठी उपलब्ध असल्याने हे काम शक्य होते. त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच.

गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, मी पुरावा म्हणून धरतो, निकाल म्हणून धरत नाही. शॉर्टस्टॉपला त्या वर्षी लुईस अपारिसिओ आणि डाल मॅक्सव्हिल यांना तो मिळाला. दोघांनाही माझे आकडे १ देतात, त्यामुळे तिथे वाद उरला नाही. आउटफिल्डमध्ये फ्लडला मी १ दिला आहे. दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील, म्हणजे कार्डिनल्स आणि टायगर्स यांच्यातील, वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात टायगर्सच्या जिम नॉर्थ्रपचा चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला आणि मालिका फिरली म्हणून त्याला २ द्यावा असे काही जण म्हणतील. पण एका चेंडूने मोसमभराचे काम पुसले जात नाही, आणि १ असलेल्या खेळाडूच्या हातूनही फासे कधीतरी तेवढे करून घेतातच.

अडकले आहे ते मिकी स्टॅन्लीपाशी. सेंटरफील्डमध्ये त्याला गोल्ड ग्लव्ह मिळाला होता, परंतु अल केलाइन, नॉर्थ्रप आणि विली हॉर्टन यांना एकत्र खेळवता यावे म्हणून टायगर्सचे व्यवस्थापक मेयो स्मिथ यांनी वर्ल्ड सिरीजसाठी त्याला ऑयलरच्या जागी शॉर्टस्टॉपला उभे केले. मोसमात त्या जागेवर तो फक्त नऊ सामने खेळला होता. मालिकेत त्याच्या दोन चुका झाल्या आणि टायगर्स ४-३ ने जिंकले. नऊ सामन्यांवरून रेंजचे (किती दूरचा चेंडू गाठतो याचे) रेटिंग काढणे अर्थहीन आहे. सध्या मी त्याला शॉर्टस्टॉपला ४ देऊन चुकांचे प्रमाण वाढवून ठेवले आहे. ते ३ केले तर ऑयलरला खेळवण्याचे कारणच उरत नाही आणि ५ केले तर स्मिथ यांचा निर्णय वेडेपणाचा ठरतो. प्रत्यक्षात तो धोक्याचा पण विचारपूर्वक घेतलेला होता आणि खेळणाऱ्यालाही तो तसाच अवघड वाटला पाहिजे.

पडताळणी करताना एक हिशेब हाताशी ठेवावा. गिब्सनच्या १,१६१ फलंदाजांवर १९८ हिट अपेक्षित असताना केवळ फाशांच्या लहरीने तेराएक हिट इकडेतिकडे होतात. त्याने एका मोसमात २१० हिट दिले म्हणून कार्डाला हात लावायचा नसतो. लीगची एकूण सरासरी आणि ३.४२ धावा मात्र जवळपास जुळायलाच हव्यात, कारण हजारो पाळ्यांच्या बेरजेत लहरींना वाव उरत नाही. संगणकावर चालवून पाहिलेल्या मोसमांत अमेरिकन लीग व्यवस्थित जुळते आहे. नॅशनल लीगमध्ये धावा थोड्या जास्त येतात, आणि त्याचे कारण मैदानांची दुरुस्ती बाकी असणे हे असावे. पुढचे काम ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोमचे आहे, जिथे त्या एप्रिलमध्ये अ‍ॅस्ट्रोज आणि मेट्स यांचा सामना २४ इनिंग चालून १-० ने संपला होता. तिथेच निम्मे सामने खेळून २६ होमरन मारणाऱ्या जिम विनचे कार्ड त्यानंतरच पक्के करता येईल.