थंडीत घरातली मुलं: आधी दमवायचं, मग बसवायचं

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे अॅक्टिव्हिटींची ही मोठी यादी होती. व्हिडिओ बघून बघून जमवलेली. रंगीत कागद, कापूस, स्टिकर, सगळं आणून ठेवलेलं, आणि रोज तेच व्हायचं, मी अर्धा तास खपून मांडामांड करायची, मुलं पाच मिनिटं बसायची, मग धाकटा सोफ्यावरनं उडी मारायचा, मोठी त्याच्यावर ओरडायची, रडारड, आणि मी खाली बसून कागदाचे कपटे वेचतेय. धाकटा तेव्हा अडीच वर्षांचा, मोठी पाचची. मला वाटायचं आजची अॅक्टिव्हिटी बरोबर नव्हती, म्हणून उद्या दुसरी शोधायची.

डिसेंबर अर्धा संपला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. एरवी मुलं बाहेर तासभर हुंदडून यायची आणि मग आपणहून रंग घेऊन बसायची, मला काही करावं लागायचं नाही. थंडीत ते हुंदडणंच बंद झालं होतं आणि मी त्यांना सकाळी उठल्या उठल्या थेट "बसा" म्हणत होते. अंगातली रग जिरल्याशिवाय मूल बसणार कसं?

नंतर वाचलं तेव्हा आकडे बघून मी गप्पच झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे मार्गदर्शन दिलंय त्यात १ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल सांगितलीय, आणि ३-४ वर्षांच्या मुलांसाठी त्यातली निदान ६० मिनिटं चांगला दम लागेल अशी. तीन तास! घरात, बंद खिडक्यांच्या आत, आमची मुलं त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे, आधी दमवायचं, मग बसवायचं, आणि या एका गोष्टीने आमचा हिवाळा जेवढा बदलला तेवढा त्या अख्ख्या यादीने बदलला नव्हता.

दमवायचं म्हणजे नुसतं पळवायचं नाही हं. घरात पळायला जागा नसते आणि खालच्या मजल्यावर माणसं राहतात. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते ओढणं, ढकलणं, उचलणं. कपड्यांची बास्केट घ्यायची, त्यात पुस्तकं भरायची आणि ती ढकलत या खोलीतून त्या खोलीत न्यायची, तिथे रिकामी करायची, परत भरून आणायची. धाकटा हे अर्धा अर्धा तास करतो, लालबुंद होतो, आणि त्यानंतर जो शांत होतो ते बघण्यासारखं असतं. दोघांचं मिळून म्हणजे ब्लँकेटवर एकाने बसायचं आणि दुसऱ्याने ओढायचं (गुळगुळीत फरशी असेल तर मोठीला एकटीला जमतं, नाहीतर मी हात लावते). उड्यांसाठी गादी खाली टाकते, म्हणजे आवाजही कमी आणि लागतही नाही. उशा फरशीवर ओळीने मांडून पाय खाली न टेकता पलीकडे जायचं. बेडकासारखं, खेकड्यासारखं, अस्वलासारखं चालायचं, यातलं खेकड्याचं चालणं मोठ्या माणसाने करून बघा, दोन मिनिटांत हात भरून येतात, मुलांना तर काय.

फुगा हाही एक मस्त प्रकार आहे. जमिनीला लागू द्यायचा नाही एवढाच नियम, घरातलं काही फुटत नाही, आवाज होत नाही, आणि मुलं वर बघत सगळ्या खोलीभर नाचतात. पण फुगा फुटला की त्याचे तुकडे ताबडतोब उचलायचे, एकही राहू द्यायचा नाही. रबराचा तुकडा तोंडात गेला तर घशात चिकटून बसतो आणि तो काढणं फार अवघड असतं. आमच्याकडे फुगा मी समोर असेन तरच, आणि खेळ झाला की कपाटावर. तसंच हीटरचं. हीटर चालू असेल त्या खोलीत हा धिंगाणा अजिबात नाही, आणि एरवीही त्याच्या चारी बाजूंनी निदान एक मीटर मोकळं, पडदा नाही, उशी नाही, मूल नाही.

आता बसायचं. खरं सांगायचं तर याच्यावर मला फार लिहायचं नाहीये कारण दमलेलं मूल कशावरही बसतं. पण दोन गोष्टी सांगते. एक, खेळणी कमी ठेवा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास आला होता, ३६ लहान मुलं, दीड ते अडीच वर्षांची, एकदा समोर ४ खेळणी ठेवली आणि एकदा १६, तर चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त वेगवेगळ्या प्रकारे खेळली. अभ्यास छोटाच आहे पण आमच्या घरात मी हे डोळ्यांनी बघितलं. सगळी खेळणी तीन खोक्यांत भरली, दोन खोकी वर, एक खाली, आठवड्याने बदलायची. वरनं खाली आलेलं खोकं मुलांना नवीनच वाटतं, मोठी तर जुन्या ठोकळ्यांना "अरे हे कुठे होते" म्हणून मिठी मारते.

दुसरी गोष्ट म्हणजे पिठाचा गोळा. दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल आणि पाणी थोडं थोडं घालत साधारण वाटीभर. मळायचं कामही त्यांनाच द्यायचं, ते पण ताकदीचंच काम आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तर काही दिवस टिकतो. मीठ भरपूर असतं म्हणून खाऊ द्यायचा नाही, आणि घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासून नक्की लांब ठेवा, एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं. आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे बाजारात मिळणारा प्ले-डो (मुलांना आकार करायला असतो तो मऊ रंगीत गोळा) मुळात खेळण्यासाठी बनलाच नव्हता. अमेरिकेत घरं कोळशावर तापवायचे तेव्हा वॉलपेपरवर काजळी धरायची, ती टिपून काढायला असा गोळा विकायचे. पुढे कोळसा गेला, पुसता येणारे वॉलपेपर आले, कंपनीचं काम बसत चाललं, आणि त्याच सुमाराला नर्सरीतल्या एका बाईंनी तो गोळा मुलांच्या हातात दिला. १९५६ पासून तो खेळणं म्हणून विकायला लागले. म्हणजे थंडीतल्या धुराची काजळी पुसणारा गोळा आज थंडीत मुलांना रमवतोय, मी पीठ मळताना मोठीला हे सांगितलं तर तिने पहिल्यांदा जाऊन भिंत पुसून बघितली :)

यापेक्षाही मला सांगायचंय ते थंडीच्या स्वतःच्या खेळण्यांबद्दल. ही फक्त याच दिवसांत मिळतात आणि विकत आणावी लागत नाहीत.

सगळ्यात लाडका आमचा उन्हाचा तुकडा. हिवाळ्यात सूर्य दुपारीसुद्धा आकाशात खालीच असतो, त्यामुळे खिडकीतनं ऊन खोलीत खूप आतपर्यंत येतं, उन्हाळ्यात तेच ऊन खिडकीपाशीच थांबतं. फरशीवर उन्हाचा जो चौकोन पडतो त्याच्या कडेने खडूने रेघ मारायची. मग खेळायला जायचं. अर्ध्या तासाने येऊन बघितलं की ऊन रेघेतनं बाहेर निसटलेलं असतं! पहिल्यांदा धाकटा इतका गोंधळला की त्याने रेघ पुसून परत उन्हाजवळ काढायला सांगितली. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते वगैरे मी मोठीला सांगितलं, तिला त्यातलं किती कळलं माहीत नाही पण "म्हणजे आपण घरासकट फिरतोय" एवढं तिला कळलं आणि ती दिवसभर सगळ्यांना तेच सांगत होती. आठवड्यातनं एकदा, दर वेळी घड्याळात तीच वेळ बघून उन्हाच्या कडेला रेघ मारली (खडूऐवजी टेपचा तुकडा लावा, खडू पुसला जातो) तर २१-२२ डिसेंबरपर्यंत ऊन आत आत येतं आणि मग हळूहळू परत खिडकीकडे सरकायला लागतं. हे उत्तर गोलार्धातलं, दक्षिणेत हेच जूनमध्ये.

मग कोरडी हवा. थंडीत हवा कोरडी असल्यामुळे घर्षणाने तयार झालेली वीज लवकर निघून जात नाही, म्हणून फुगा केसांवर घासून भिंतीला लावला की चिकटून राहतो, कागदाचे बारीक कपटे उडी मारून त्याला चिकटतात. रात्री दिवा घालवून लोकरीचा स्वेटर डोक्यावरनं ओढायचा, चटचट आवाज येतो आणि कधी कधी बारीक ठिणग्या दिसतात. आमच्याकडे स्वेटर काढायला आता कोणी रडत नाही. सकाळी काचेवर धुकं धरतं, त्यावर बोटाने चित्रं, आणि पुसली गेली की तोंडाने हा हा करून परत वाफ धरायची, परत काढायची, याला तर मला काहीच करावं लागत नाही.

संध्याकाळ मात्र अवघड. लवकर अंधार पडतो, मुलांची भूक-झोप सगळं एकाच वेळेला होतं आणि मीही दमलेली असते. तेव्हा मी नवीन काही करत नाही. दोन खुर्च्यांवर चादर टाकून तंबू आणि आत टॉर्च. हात टॉर्चजवळ नेला की भिंतीवरची सावली राक्षसाएवढी, भिंतीजवळ नेला की लहान, हा शोध धाकट्याने स्वतः लावला. किंवा सरळ कोमट पाण्याची आंघोळ, पेले, गाळणी, नरसाळं घेऊन, आणि मी तिथेच बसून. पाणी चार बोटं असलं तरी उठून जायचं नाही, फोन वाजला तरी नाही.

मोबाइल-टीव्ही आमच्याकडे आहे, नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शनात २ ते ४ वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास म्हटलंय आणि जितका कमी तितका बरा. आम्ही संध्याकाळचा अर्धा तास ठेवलाय आणि तो संपला की लगेच अंग हलवायचं काहीतरी, कारण स्क्रीन बंद केल्यावर जी रडारड व्हायची ती उशीच्या मारामारीने निम्मी तरी कमी झाली. सकाळी मात्र अजिबात नाही, सकाळी लावली की दिवसभर तेच मागत बसतात.

आणि हे सगळं करूनही असा दिवस येतोच की काहीच चालत नाही. दोघं एकमेकांच्या अंगावर, मी रडकुंडीला. त्या दिवशी मी आता त्यांना बाहेर काढते. आधी मला वाटायचं गार हवा लागेल, आजारी पडतील. पण सर्दी विषाणूंमुळे होते, आणि थंडीत सगळे बंद खोल्यांमध्ये जवळ जवळ बसतात त्याने ते विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातात, म्हणून तर दिवसातनं दोन-तीनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं उघडलेल्या चांगल्या. त्यामुळे फार कडाका नसेल तर टोपी, मोजे, दोन थर कपडे आणि दहा मिनिटं चक्कर. तयारीलाच पंधरा मिनिटं जातात, धाकटा एक मोजा घालू देतो आणि दुसऱ्याला पाय झाडतो, मोठी म्हणते मला नाही यायचं. दाराबाहेर पाऊल पडलं की दोघंही तोंडातनं वाफ काढत पुढे पळायला लागतात.