लेकीच्या मेंदूचा दुसरा एमआरआय

लेकीला आधी पोटातून काहीतरी वर चढतंय असं वाटायचं, मग ती एकटक बघत राहायची, तोंड चघळल्यासारखं हलवायची आणि मिनिटभरात परत नॉर्मल. या फिट होत्या. पहिल्या सीटी स्कॅनमध्ये छोटा डाग दिसला, टेपवर्मची गाठ असेल म्हणून अल्बेंडाझोल दिलं. आपल्याकडे फिटचं ते कारण खरंच कॉमन आहे, पण कोर्स संपला तरी डाग तसाच आणि फिट पण तशाच. मधे एक साधा एमआरआय झाला, त्यातही नीट काही कळेना.

मग पुण्यातल्या न्यूरोलॉजिस्टनी ३ टेस्ला मशीनवर (जास्त ताकदीच्या चुंबकाचं) एपिलेप्सी प्रोटोकॉल, म्हणजे फिटसाठीचा खास एमआरआय, लिहून दिला. साध्या स्कॅनमध्ये स्लाइस साधारण ५ मिलिमीटर जाडीचे असतात, यात थ्रीडी टी१ आणि फ्लेअर १ मिलिमीटरचे, शिवाय हिप्पोकॅम्पसच्या (टेम्पोरल लोबमधला आठवणींचा भाग) काटकोनात कोरोनल, म्हणजे समोरून उभे काप घेतलेला टी२. टी१, टी२, फ्लेअर हे एमआरआयच्या चित्रांचे वेगवेगळे प्रकार. हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्याच, नाहीतर नुसता 'ब्रेन प्लेन' करून हातात देतात.

कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध, त्याने काही गाठी चित्रात उठून दिसतात) द्यायचा म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, केली. पिना, कानातले, पैंजण सगळं काढलं, मी मंगळसूत्र काढून आत गेले आणि पूर्ण वेळ तिचा पाय धरून उभी होते. आवाज भयंकर असतो, इअरप्लग घालूनही. पोर मात्र जराही हलली नाही, हललं की सगळं ब्लर होतं असं तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

रिपोर्टमध्ये उजव्या टेम्पोरल लोबच्या (कानाजवळचा मेंदूचा भाग) कॉर्टेक्समध्ये, म्हणजे वरच्या थरात गाठ, टी२ वर पांढरी, आत बारीक बुडबुड्यांसारखी, फ्लेअरवर कडेला पांढरी रेघ, आजूबाजूला सूज नाही, गाठीने कॉन्ट्रास्ट घेतला नाही. 'डीएनईटी असण्याची शक्यता जास्त, गँगलिओग्लिओमाही असू शकतो' असं लिहिलेलं. दोन्ही मेंदूतल्या हळू वाढणाऱ्या ट्यूमरची नावं. ट्यूमर शब्द वाचून माझे हातपाय गळाले. पण डॉक्टरांनी स्क्रीनवर गाठीच्या वरचं कवटीचं हाड दाखवलं, आतल्या बाजूने ते थोडं झिजून खोलगट झालं होतं, म्हणजे ही गाठ कित्येक वर्षं हळूहळू तिथेच बसलीये. डीएनईटी ग्रेड १ चा असतो, कॅन्सरसारखा पसरत नाही, आणि पूर्ण काढता आला तर बऱ्याच जणांच्या फिट थांबतात हे ऐकल्यावर कुठे श्वास घेतला. पक्कं निदान मात्र ऑपरेशननंतर बायोप्सीतच.

आता व्हिडिओ ईईजी आहे, म्हणजे व्हिडिओ चालू ठेवून मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद, फिट त्याच जागेतून सुटतात का ते बघायला. आणि सेंटरमधून फक्त फिल्म घेऊन येऊ नका, सीडी मागून घ्या, सर्जनने पहिल्या भेटीत तीच मागितली.