सव्वीस डिसेंबरची पोती

मिरजेत आमचं सुक्या कचऱ्याचं शेड आहे. वॉर्डातल्या घंटागाड्या तिथं रिकाम्या होतात, बायका माल निवडतात आणि मी वजनं लिहून भंगारवाल्यांशी भावावरून वाद घालतो. वर्षातला सगळ्यात त्रासाचा दिवस कुठला म्हणाल, तर लोक दिवाळीचं नाव घेतील. दिवाळीला कचऱ्याचा डोंगर होतो खरा, पण तो माल सरळ असतो. घरं आवरून काढलेली रद्दी, खोके, जुने डबे. २६ डिसेंबरचा माल त्याच्या निम्मासुद्धा नसतो, वैताग मात्र दुप्पट.

मिरजेचा नाताळ जुना आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल काढलं, त्याच्या आसऱ्यानं ख्रिस्ती वस्ती वाढली. त्या घरांतला नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या, मटण आणि दारात कागदी चांदणी. त्यात आमच्या वाट्याला फारसं काही येत नाही; हाडं आणि उरलंसुरलं ओल्यात जातं. आता केक आणि प्लास्टिकचं झाड सगळ्यांच्याच घरात शिरलंय. ज्या गल्लीत एकही ख्रिस्ती घर नाही, तिथल्या पोत्यांतूनही सांताच्या लाल टोप्या निघतात.

मागच्या नाताळानंतरची गोष्ट. सकाळी हॉस्पिटलातल्या एक रिटायर्ड सिस्टर, म्हणजे नर्स, रिक्षानं चार पोती आणि एक लांबडं खोकं घेऊन शेडवर हजर झाल्या. गाडीवाल्यानं सगळं एकत्र ओतलं म्हणून चिडल्या होत्या. "मी ढीगभर वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काढलीत. पिवळ्या पिशवीत काय, लाल पिशवीत काय, झोपेतसुद्धा सांगेन. घरात वेगळं करायचं आणि गाडीत एक करायचं, हा काय प्रकार?" त्यांचं चूक नव्हतं. गाडीला ओल्या-सुक्याचे दोन कप्पे असतात, पण सणाच्या दुसऱ्या दिवशी सुक्याचा कप्पा दोन गल्ल्यांत भरतो. मी म्हटलं, बसा, तुमचा माल तुमच्यासमोर निवडतो.

आमच्याकडं निवडीत सगळ्यात जुन्या म्हणजे आक्का. त्यांनी सिस्टरांचं 'कागद' लिहिलेलं पोतं उघडलं. कागद कसला, सगळा भेटवस्तूंचा चमकी कागद, नीट घड्या घालून ठेवलेला. आक्कांनी एक तुकडा मुठीत चुरगळला आणि मूठ उघडली. तुकडा हळूहळू पसरत पुन्हा सपाट झाला. दुसरा चुरगळला, तो गोळा होऊन तसाच राहिला.

"ह्यो कागद. आन् ह्यो न्हाई."

"अहो, दोन्ही कागदच आहेत की."

"कागद असता तर उलगडला असता व्हय? प्लास्टिक हाय त्ये. कागदाच्या लगद्यात गेलं की सगळा लगदा नासतोय."

सिस्टरांनी स्वतः चार-पाच तुकडे चुरगळून पाहिले आणि मुकाट्यानं पोत्याशेजारी बसल्या. त्यानंतर दोघींचं जे सुरू झालं ते मी नुसतं बघत होतो. केकखालची सोनेरी चकती: वर धातूचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पापुद्रा, खाली पुठ्ठा. सिस्टरांनी नखानं पापुद्रा सोलायचा प्रयत्न केला, अर्धा निघाला, अर्धा पुठ्ठा सोबत घेऊन आला. केकचा खोका: झाकण कोरडं, ते पुठ्ठ्यात, तळाला क्रीम आणि तूप, तो भाग फाडून बाजूला. ज्यूसचे चौकोनी डबे: कागद, प्लास्टिक आणि आतून ॲल्युमिनियमचा पापुद्रा, तिन्ही एकमेकांना चिकटलेले. चिप्सच्या पुड्यांचं तसंच. भेटवस्तूच्या खोक्यातल्या थर्मोकोलनं एक अख्खं पोतं फुगलेलं, काट्यावर ठेवलं तर काटा हलतो की नाही बघत बसावं. त्यात नुसती हवा. भंगारवाला हातसुद्धा लावत नाही.

माझा वाद नेमका इथंच आहे. घरच्या बाईनं दोन डबे ठेवले नाहीत म्हणून आपण तिला बोल लावतो. पण ज्यानं कागदावर प्लास्टिक आणि प्लास्टिकवर धातू चिकटवून विकलं, त्याला कोण विचारतंय? एवढी शिस्तीची सिस्टर, हॉस्पिटलात आयुष्य गेलेली, तिच्या पोत्यातला जवळजवळ निम्मा माल आक्कांनी बाजूला काढला. त्याचे गठ्ठे बांधून सिमेंट कारखान्याच्या भट्टीत जाळायला पाठवतात. सिस्टरांना ते ऐकून बरं वाटलं नाही. मलाही दरवेळी सांगताना बरं वाटत नाही.

दुपारी पलीकडच्या ढिगातून सूं-सूं असा आवाज आला आणि पांढरा धूर निघाला. शेडवरच्या पोरानं खोरं घातलं होतं, ते खेळण्यातल्या गाडीत घुसलं. रिमोटची गाडी, आत चार्जिंगची बॅटरी. अशी बॅटरी फुटली की बाहेरून आग लागत नाही, ती आतूनच तापत जाते. आजूबाजूला चमकी कागद आणि थर्मोकोल, म्हणजे पेटायला सगळं तयार. आक्कांनी बायकांना बाहेर काढलं, मी आणि पोरानं खोऱ्यानंच ती गाडी मोकळ्यावर ओढली आणि लोखंडी घमेल्यात वाळूखाली दाबली. धूर थांबला म्हणून पोरगं वाळू उकरायला निघालं, तेवढ्यात आतून पुन्हा भडका. अर्ध्या तासानंही घमेल्याला हात लावता येत नव्हता.

कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते. बॅटऱ्या, बल्ब, ट्यूब हे तिसऱ्यात. तो तिसरा डबा मी आजवर फार थोड्या घरांत पाहिलाय.

सिस्टर मात्र धूर निवताच परत आल्या आणि आपल्या चौथ्या पोत्यातून गाणारं ग्रीटिंग कार्ड काढलं. उघडलं की 'जिंगल बेल' वाजायचं. कार्डाचा जोड फाडून त्यांनी आतली बटणाएवढी बॅटरी दोन बोटांत धरून मला दाखवली. "वॉर्डात एका पोरानं गिळली होती. घशात भाजतं. हिच्यासाठी वेगळा डबा पाहिजे तुमच्याकडं." डबा होता, बिस्किटाचा जुना. त्यात टाकली.

राहिलं लांबडं खोकं. त्यात प्लास्टिकचं झाड, एक पाय मोडलेलं. आक्कांनी फांदी वाकवून पाहिली: आत पिळलेली तार, तिच्यात पीव्हीसी प्लास्टिकच्या हिरव्या पट्ट्या गुंफलेल्या. तार काढायची तर पट्ट्या जाळाव्या लागतात. बाहेर कुणीतरी जाळतंही, विषारी धूर होतो, आमच्या शेडवर जाळू देत नाही. सिमेंटवाल्यांनाही पीव्हीसी नको, त्यातल्या क्लोरीनमुळं.

"मग हे कुठं जाणार?" सिस्टरांनी विचारलं.

"कुटंच न्हाई," आक्का म्हणाल्या. "पाय जोडा आन् फुडच्या साली हुबं करा."

सिस्टरांनी रिक्षावाल्याला हाक मारली. झाड परत आत घातलं, आणि बसता बसता मला म्हणाल्या, आमच्या गल्लीतल्या बायकांना तो कागद चुरगळून दाखवायला आक्कांना एकदा पाठवाल का? आक्का हसल्या, म्हणाल्या, दिवसाची हजेरी कोण देणार ते आधी इचारा.

ती हजेरी मी मंजूर करून घेतली. जानेवारीतल्या एका रविवारी आक्का गेल्या.