आमची वाटचाल : दोन संगणक, एक कुळ

१९९८ साली सांगलीच्या गावभागात आम्ही नवराबायकोनं डीटीपीचं काम सुरू केलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल. कुलवृत्तांत, म्हणजे एका कुळाच्या घराण्यांची माहिती आणि वंशावळ असलेलं पुस्तक, आला तोही छपाईचं काम म्हणूनच. एका कुलमंडळाची दोन वडीलधारी मंडळी घराघरांतून भरून आलेली पिशवीभर माहितीपत्रकं घेऊन आली आणि आम्ही ती पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवली. पुढे पुरवणी काढायची वेळ आली, तेव्हा खरी अडचण कळली. मजकूर जुन्या फाँटातला, त्यामुळे नाव शोधलं तरी सापडत नव्हतं. घरात एक बाळ वाढलं की वंशावळीचं पानच्या पान पुन्हा आखावं लागे.

मग आम्ही ग्रॅम्प्सकडे वळलो. वंशावळी ठेवायचं हे मोफत सॉफ्टवेअर २००१ पासून तयार होत आलंय. त्यात युनिकोड मराठी, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता-शोधता येणारी मराठी, चालते, आणि गोत्र, कुलदैवत असे आपले रकाने आपणच वाढवू शकतो. मला सगळ्यात भावली ती दत्तकाची सोय. जन्म दिलेले आईवडील आणि दत्तक घेतलेले आईवडील, दोन्ही नाती एकाच माणसाच्या नावावर राहतात. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक कुळात दत्तक होतंच, आणि ते झाकून ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

एक संगणक दुकानात, एक लॅपटॉप घरी. फाईल पेनड्राइव्हवरून ये-जा करायची. एका पावसाळ्यात हिनं घरी लग्नांच्या नोंदी घातल्या, मी दुकानात जन्मांच्या. दोघांच्याही समोर ‘ताजी’ फाईल. पंधरा दिवसांनी मी एक फाईल दुसरीत आणली, तर अख्खं कुळ दुप्पट झालं. मग रात्री जागून एकेक जोडी शोधायची आणि दोन नोंदींची एक करायची.

आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. गोविंद, त्यांचा मुलगा विनायक, त्यांचा मुलगा पुन्हा गोविंद. आजोबाही ‘गोविंद विनायक’ आणि नातूही ‘गोविंद विनायक’. जन्मसाल दोघांचंही कोरं होतं. बाप-लेक एक करायला गेलं तर सॉफ्टवेअर अडवतं, आजोबा-नातू एक केले तर अडवत नाही. मी ते दोघे एक केले.

कच्ची प्रत घेऊन मंडळाच्या बैठकीला गेलो. ऐंशी ओलांडलेल्या एक आजी भिंग लावून पान वाचत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. “अहो, माझे वडील कुठं गेले?” कागदावर त्या आपल्याच आजोबांच्या बहीण झाल्या होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला फार लागलं.

त्या रात्री हिनं एक साधं आवक-जावक रजिस्टर घातलं. फाईल एका वेळी एकाच संगणकावर ‘चालू’ राहील. नेणाऱ्यानं ‘जावक’ लिहून सही करायची, परत आली की ‘आवक’. बाकीच्या साऱ्या प्रती फक्त बघायच्या. प्रत्येक माणसाचा क्रमांक माहितीपत्रकावरही लाल शाईनं लिहायचा, म्हणजे नाव सारखं असलं तरी माणूस चुकत नाही.

मधे एकदा क्लाउडच्या फोल्डरमध्ये चालू डेटाबेसच ठेवून पाहिला. तो म्हणजे एक फाईल नसते, अनेक फायलींचा संच असतो. त्यातल्या काही जुन्या, काही नव्या अशा पोचल्या आणि वंशावळीचं झाड उघडेनासं झालं. आता क्लाउडवर जाते ती फक्त फोटोंसह बांधलेली बॅकअपची गाठोडी, तारखेसकट. फोटोंचंही असंच झालं होतं. दुकानात ते डी ड्राइव्हवर, घरी सी वर, त्यामुळे घरी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसायच्या. दोन्हीकडे फोटोंचं मूळ फोल्डर एकदा सांगून ठेवलं आणि पुढचा पत्ता तिथूनच धरला, तेव्हा चेहरे दिसू लागले.

परदेशातली मंडळी दुसरी सॉफ्टवेअर वापरतात. त्यांच्याशी देवाणघेवाण जेडकॉम (GEDCOM) फायलीनं होते; वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा हा ठरलेला साचा. पहिल्यांदा आलेल्या फायलीत नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरं फायलीत साठवायच्या पद्धतीत, पाठवा असं कळवलं, मग मराठी नीट आली. २०२१ च्या जेडकॉम ७ मध्ये तर यूटीएफ-८ च लागतं. तरी गोत्र-कुलदैवताचे आपण वाढवलेले रकाने तिकडे पोचतीलच असं नाही, म्हणून ते आम्ही टिपणातही लिहितो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. दुकानातला संगणक गेला, माहितीपत्रकांचा लगदा झाला. रजिस्टरमधली शेवटची नोंद मात्र ‘जावक, घरी’ अशी होती. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला, तर सगळी घराणी जागच्या जागी होती.

आता मुलगीही पुण्याहून काम करते. आज फाईल तिच्याकडे जावक आहे, शुक्रवारी आवक होईल. तोवर आलेली नऊ माहितीपत्रकं मी टाचणी लावून ठेवली आहेत.